फुली आणि सरळ रेघ

अंगावरून वारं गेलं, असं आपल्याकडे म्हणतात. बातमी कळली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठली बाजू गेली? डावी, असं उत्तर येतं. मग स्कॅनचा रिपोर्ट हातात पडतो आणि त्यात बिघाड मेंदूच्या उजव्या भागात लिहिलेला असतो. घरातला एखादा शिकलेला पुतण्या तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जातो आणि दबक्या आवाजात विचारतो, ‘हा रिपोर्ट आमच्याच पेशंटचा आहे ना? बदलला तर नाही?’ डॉक्टरांना हा प्रश्न नवा नसतो. ते खिशातून पेन काढतात, त्याच कागदाच्या पाठीवर एक फुली मारतात आणि सांगतात: उजवा मेंदू डावं अंग चालवतो, डावा मेंदू उजवं. पुतण्याचं समाधान होतं.

खरं तर ते इतक्या लवकर व्हायला नको. हालचालीच्या वाटा मेंदूकडून मेरुरज्जूकडे येताना बाजू बदलतात, याची खूण माणसाला दोन हजार वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. त्या नेमक्या कुठे बदलतात, हे कळून तीनशे वर्षं झाली. कशा बदलतात, याचा उलगडा गेल्या तीस-पस्तीस वर्षांतला आहे. का बदलतात, यावर मात्र अजून वाद आहे. आणि या चारही प्रश्नांमधून फिरून आलं की कागदावरच्या त्या फुलीत काहीतरी राहून गेलंय, हे लक्षात येतं. मेंदूने शरीराची सरसकट अदलाबदल केलेली नाही. कुठलं काम एकट्या बाजूचं आणि कुठलं जोडीचं, हे पाहून केलेली ती वाटणी आहे.

आधी खूण, मग जागा

इसवी सनापूर्वी चारशेच्या सुमारास लिहिल्या गेलेल्या हिपोक्रॅटिक ग्रंथांत डोक्याच्या जखमांवर एक प्रकरण आहे. डोक्याच्या एका बाजूला जखम झाली तर आचके शरीराच्या दुसऱ्या बाजूला येतात, ही नोंद त्यात सापडते. कारण दिलेलं नाही. कारण सुचवलं ते कॅपाडोशियाच्या अरेटियस या वैद्याने, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात. बिघाड डोक्याच्या खाली असेल तर त्याच बाजूचं अंग लुळं पडतं, डोक्यात असेल तर उलट बाजूचं. म्हणजे नसा उगमापाशीच एकमेकींना ओलांडत असल्या पाहिजेत, ग्रीक ‘खाय’ या फुलीसारख्या अक्षराच्या आकारात, असा त्याचा तर्क होता. त्याने ती फुली डोळ्यांनी पाहिली नव्हती. रोग्यांच्या लक्षणांवरून केलेलं ते अनुमान होतं आणि ते जवळपास अचूक होतं. गेलेन या वैद्यानेही प्राण्यांचा मेरुरज्जू एका बाजूने अर्धा कापून दाखवला, की खालचं अंग त्याच बाजूचं जातं.

आपल्याकडच्या आयुर्वेदाने या आजाराला पक्षाघात म्हटलं. पक्ष म्हणजे बाजू. शरीर मधोमध दुभंगल्यासारखं एका बाजूने निकामी होतं, हे निरीक्षण त्या नावातच आहे. तोंड वाकडं होण्याला ‘अर्दित’ असं वेगळं नाव दिलं गेलं. हा वेगळेपणा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

अरेटियसची फुली प्रत्यक्ष दिसायला सोळाशे वर्षं लागली. १७०९ मध्ये दोमेनिको मिस्तिकेल्ली या इटालियन वैद्याने झटक्याच्या आजारावर ग्रंथ लिहिला. मेंदूचा देठ जिथे मेरुरज्जूला मिळतो त्या लंबमज्जेच्या पुढच्या अंगाला तंतू एकमेकांत गुंफलेले दिसतात, असं त्याने त्यात नोंदवलं आणि त्यांना बाईच्या वेणीची उपमा दिली. पुढच्याच वर्षी, १७१० मध्ये, फ्रेंच सैन्यात वैद्य असलेल्या पूरफूर द्यु पेतीने डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांवरची निरीक्षणं आणि कुत्र्यांवरचे प्रयोग एकत्र मांडले. मेंदूच्या एका बाजूची इजा दुसऱ्या बाजूचं अंग लुळं करते आणि त्याचं कारण लंबमज्जेतली ही गुंफण आहे, हा दुवा त्याने पक्का केला.

एकोणिसाव्या शतकात या वेणीचे पेड सुटे करून पाहायला सुरुवात झाली. व्हिएन्नाच्या लुडविग ट्यूर्कने १८५१ मध्ये एक चतुर वाट धरली. चेतातंतू मुळापासून तुटला की पुढचा भाग कुजत जातो. म्हणून ज्यांच्या मेंदूला जुनी इजा होती अशांच्या मेरुरज्जूत त्याने हा कुजलेला पट्टा शोधला. तो सापडलाही, पण दोन ठिकाणी: विरुद्ध बाजूच्या कडेला मोठा आणि इजा झालेल्या बाजूलाच, पुढच्या अंगाला, लहान. काही तंतू ओलांडतच नाहीत, याचा हा ठोस पुरावा होता. १८७० मध्ये बर्लिनमध्ये गुस्ताव फ्रिच आणि एडुअर्ड हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागावर सौम्य वीजप्रवाह सोडला. उलट बाजूचे पाय हलले. तेव्हा प्रयोगशाळेत जागा नसल्याने हे काम हिट्झिगच्या राहत्या घरी झालं. १८७६ मध्ये लाइपझिगच्या पॉल फ्लेक्सिगने नवजात अर्भकांचे मेंदू तपासून दाखवलं, की ओलांडणाऱ्या आणि न ओलांडणाऱ्या तंतूंचं प्रमाण सगळ्यांमध्ये सारखं नसतं. एकाच माणसाच्या दोन बाजूंतही ते वेगळं असू शकतं.

रस्ता कसा जातो

उजव्या हाताने चहाचा कप उचलायचा आहे. हुकूम निघतो डाव्या मेंदूच्या पृष्ठभागावरून, पण तो एकाच पट्ट्यातून निघत नाही. हालचालीचा मुख्य पट्टा, त्याच्या पुढचा आखणी करणारा भाग आणि मागचा स्पर्शाचा भाग, या सगळ्यांमधून तंतू निघतात. १८७४ मध्ये कीव्हच्या व्लादिमिर बेट्झने वर्णन केलेल्या प्रचंड पेशी फार प्रसिद्ध झाल्या, पण या वाटेतल्या तंतूंपैकी जेमतेम तीन टक्के त्यांचे आहेत. बाकीचे बारीक, हळू आणि अप्रसिद्ध.

पंख्यासारखे पसरलेले हे तंतू खाली येताना एका अरुंद खिंडीत गोळा होतात. तिला इंटर्नल कॅप्सूल म्हणतात. हमरस्त्यावरच्या घाटासारखी ही जागा आहे. इथे वाटाण्याएवढ्या भागाचा रक्तपुरवठा तुटला तरी तोंड, हात आणि पाय तिन्ही एकदम जातात, आणि बोलणं, समज, स्पर्श शाबूत राहू शकतात. मेंदूच्या पृष्ठभागावर एवढं नुकसान व्हायला कितीतरी मोठा घाव लागतो. खिंड ओलांडली की तंतू मध्यमेंदूच्या पुढच्या अंगाने उतरतात, त्याखालच्या पॉन्समध्ये आडव्या तंतूंमधून वाट काढताना विखुरतात आणि लंबमज्जेत पुन्हा एकत्र येऊन मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना दोन उभट उंचवटे तयार करतात. हेच पिरॅमिड. प्रत्येकात सुमारे दहा लाख तंतू असतात.

पिरॅमिडच्या तळाशी, कवटीच्या मोठ्या छिद्राजवळ, नखाएवढ्या जागेत ती फुली आहे. तिथे ७५ ते ९० टक्के तंतू लहान लहान जुड्यांनी आळीपाळीने पलीकडे जातात. मिस्तिकेल्लीची वेणीची उपमा म्हणूनच चपखल आहे. पलीकडे गेलेले तंतू मेरुरज्जूच्या कडेने उतरतात आणि हातापायांच्या, विशेषतः बोटांच्या, स्नायूंची सूत्रं हलवतात. उरलेल्यांपैकी बहुतेक आपल्याच बाजूला, पुढच्या अंगाने सरळ खाली जातात. त्यांची हद्द मुख्यतः मान, खांदे आणि धड. त्यातलेही बरेच तंतू ठरलेल्या पातळीवर पोचल्यावर दुसऱ्या बाजूला फाटा देतात. म्हणजे धडाच्या स्नायूंना दोन्ही मेंदूंकडून हुकूम येतो.

हा सगळा प्रवास किती वेळाचा? डोक्यावर चुंबकीय कॉइल धरून मेंदूला बाहेरून चेतवायचं तंत्र १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर यांच्या गटाने दाखवलं. तेव्हापासून हे शुद्धीतल्या माणसावर, वेदनेशिवाय मोजता येतं. डोक्यापासून तळहाताच्या स्नायूपर्यंत संदेश साधारण २० मिलिसेकंदांत पोचतो.

सगळ्यांची फुली सारखी नसते

आता अपवाद. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ते पाठ करावे लागतात, पण त्यांच्यामागे एक सूत्र आहे.

चेहऱ्यापासून सुरुवात करू. झटका आलेल्या माणसाचं तोंड वाकडं होतं, गालाची एक बाजू ओघळते, पण कपाळाला आठ्या मात्र दोन्हीकडे पडतात. कारण कपाळाच्या स्नायूंना दोन्ही मेंदूंकडून तार येते आणि ओठ-गालांना प्रामुख्याने उलट बाजूकडून. बेल्स पाल्सीत बिघाड मेंदूत नसतो, चेहऱ्याच्या नसेतच असतो. तिथे कपाळही जातं आणि डोळाही मिटत नाही. एका आठीवरून डॉक्टर या दोन आजारांत फरक करतात.

चावण्याचे, गिळण्याचे आणि श्वासाचे स्नायू पाहा. एका बाजूने घास गिळावा, एका फुप्फुसाने श्वास घ्यावा, असं आपण कधी करत नाही. ही कामं जोडीची आहेत, आणि त्यांना वायरिंगही जोडीचं मिळालेलं आहे. म्हणून एका बाजूच्या झटक्याने अर्धं अंग गेलं तरी श्वास सहसा चालू राहतो. उलट टोकाला बोटं. उजव्या हाताने सुई धरायची आणि डाव्याने दोरा ओवायचा, इथे दोन्ही हातांना एकच हुकूम येऊन चालणार नाही. बोटांची वाट म्हणूनच जवळजवळ पूर्ण ओलांडलेली.

मान वळवणाऱ्या स्नायूचा अपवाद सगळ्यात बोलका आहे. कानामागून छातीच्या हाडापर्यंत जाणारा उजवा स्नायू आवळला की चेहरा डावीकडे वळतो. या स्नायूला हुकूम मुख्यतः उजव्याच मेंदूकडून येतो. वरवर पाहता इथे नियम मोडला. पण चेहरा कुठे वळला? डावीकडे. डोळ्यांचंही तसंच. उजव्या मेंदूतला नजरेचा भाग दोन्ही डोळे एकदम डावीकडे फिरवतो. डाव्या बाजूचं दृश्य, मग ते कुठल्याही डोळ्यात पडो, उजव्या मेंदूत पोचतं. मग सूत्र असं मांडता येतं: उजव्या मेंदूकडे डावं अंग आहे, याहून नेमकं म्हणजे त्याच्याकडे डावीकडचं जग आहे. त्या जगाकडे वळायला, पाहायला आणि हात पोचवायला जे स्नायू लागतात ते त्याचे, मग ते शरीराच्या कुठल्याही बाजूला बसवलेले असोत.

लहान मेंदू, म्हणजे अनुमस्तिष्क, मात्र आपल्याच बाजूचं अंग सांभाळतो. त्याच्या उजव्या भागाला इजा झाली तर उजवाच हात थरथरतो आणि चुकत जातो. इथे फुली नाही असं नाही. इथे दोन फुल्या आहेत. लहान मेंदूतून निघालेला संदेश मध्यमेंदूत एकदा ओलांडून डाव्या मोठ्या मेंदूकडे जातो आणि तिथून निघालेला हुकूम लंबमज्जेत पुन्हा ओलांडून उजवीकडे येतो. दोनदा नदी ओलांडणारा आपल्याच काठावर परत येतो.

फुलीवरून पत्ता

मेंदूचे स्कॅन येण्याआधी शंभर वर्षं डॉक्टरांनी हातोडी, टाचणी आणि या फुल्यांच्या नकाशावर बिघाडाचा पत्ता काढला. अर्धांगवायूसोबत वाचा गेली, तर घाव बहुधा डाव्या मेंदूत. बोलण्याचं केंद्र बहुतेकांत डावीकडे असतं, हे पॉल ब्रोका यांच्या १८६० च्या दशकातल्या कामातून पुढे आलं. म्हणून उजवी बाजू गेलेल्या माणसाचं बोलणंही जाण्याचा धोका जास्त.

लक्षणं दोन बाजूंत विभागली गेली, तर पत्ता आणखी नेमका होतो. डाव्या डोळ्याची पापणी मिटलेली आणि उजवं अंग लुळं, असं दिसलं तर घाव मध्यमेंदूच्या डाव्या बाजूला. तिथे डोळ्याची नस आपल्याच बाजूला बाहेर पडते, पण हातापायांचे तंतू अजून ओलांडायचे असतात. हर्मान वेबरने १८६३ मध्ये हे वर्णन केलं. थोडं खाली, पॉन्समध्ये घाव असेल तर एका बाजूचा पूर्ण चेहरा आणि दुसऱ्या बाजूचे हातपाय जातात. फुलीच्या वर की खाली, हा प्रश्न अशा वेळी नदीच्या अलीकडे की पलीकडे, अशासारखा असतो.

फुलीच्या खाली, मेरुरज्जूत अर्धा छेद झाला तर चित्र विलक्षण होतं. शार्ल एदुआर ब्राउन-सेकार्ड यांनी ते १८५० च्या सुमारास उलगडलं. छेदाच्याच बाजूचं अंग लुळं पडतं, पण दुखणं आणि गरम-गार कळणं जातं ते दुसऱ्या बाजूचं. कारण हालचालीचे तंतू वर लंबमज्जेतच ओलांडून आलेले असतात, तर वेदनेचे तंतू मेरुरज्जूत शिरल्या शिरल्या ओलांडतात. सूक्ष्म स्पर्शाचे आणि सांध्यांच्या स्थितीचे तंतू तिसऱ्याच ठिकाणी, हालचालीच्या फुलीच्या किंचित वर. एकाच शरीरात तीन वेगळ्या फुल्या, तीन वेगळ्या उंचीवर.

हा नकाशा कधी कधी फसवतोही. कवटीत एका बाजूला रक्ताची मोठी गाठ साचली की मेंदू ढकलला जातो आणि समोरच्या बाजूचा मध्यमेंदूचा देठ कठीण पडद्याच्या कडेवर घासतो. मग अंग लुळं पडतं ते गाठीच्याच बाजूचं. कर्नोहन आणि वोल्टमन यांनी १९२९ मध्ये ही खाच दाखवून दिली. नुसत्या फुलीवर विसंबून कवटी उघडणारा सर्जन अशा वेळी चुकीच्या बाजूला गेला असता.

ओलांडायला कोण लावतं

गर्भातला कोवळा तंतू मेंदूतून निघतो तेव्हा त्याला नकाशा कोण देतं? स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अंदाज केला होता, की वाढत्या तंतूचं टोक रासायनिक वासाचा माग काढत जात असावं. त्याचा पुरावा मिळायला शंभर वर्षं गेली. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात मार्क टेसिए-लाविन्य यांच्या गटाने कोंबडीच्या हजारो भ्रूणांच्या मेंदूंतून एक प्रथिन वेगळं केलं. मध्यरेषेपाशी तयार होणारं हे प्रथिन तंतूंना आपल्याकडे बोलावून घेतं. त्याचं नाव ठेवलं नेट्रिन, आणि ते संस्कृतातल्या ‘नेतृ’ या शब्दावरून, वाट दाखवणारा या अर्थाने. आपला ‘नेता’ त्याच घराण्यातला.

बोलावणं कळायला कान हवेत. तंतूच्या टोकावरचा डीसीसी नावाचा ग्राही नेट्रिनला ओळखतो. पण मध्यरेषेवर पोचलेला तंतू तिथेच रेंगाळला किंवा पुन्हा परत फिरला तर? त्यासाठी उलटं, हाकलून लावणारं प्रथिनही तिथेच असतं: स्लिट. ते ओळखणाऱ्या ग्राहीचं नाव रोबो, म्हणजे ‘राउंडअबाउट’. हे नाव फळमाशीवरच्या प्रयोगांतून आलं. या जनुकात बिघाड झालेल्या माशीचे तंतू चौकातल्या वर्तुळात अडकलेल्या गाडीसारखे मध्यरेषेवर गोल गोल फिरत राहतात. बोलावणारा आणि हाकलणारा अशा दोघांच्या खेचाखेचीतून तंतू एकदाच, आणि एकाच दिशेने ओलांडतो.

माणसांत ही यंत्रणा बिघडल्यावर काय होतं, हे गेल्या दोन दशकांत कळलं. डीसीसी जनुकात बदल असलेल्या काही कुटुंबांत आरशातल्यासारख्या हालचाली दिसतात, हे २०१० मध्ये समोर आलं. उजव्या हाताने लिहायला घेतलं की डावा हातही हवेत तेच लिहू लागतो. बहुतेक लहान मुलांत हा प्रकार थोडाफार असतो आणि वाढत्या वयात मावळतो. या कुटुंबांत तो जन्मभर राहतो. त्यांच्यात मेंदूच्या एका बाजूचे हुकूम दोन्ही हातांना पोचतात. दोन दरवाज्यांची एकच घंटा.

रोबो३ या जनुकाची गोष्ट याहून थक्क करणारी आहे. त्याच्या दोन्ही प्रतींत बिघाड असलेल्या माणसांना डोळे आडवे फिरवता येत नाहीत आणि लहानपणापासून पाठीचा कणा वाकत जातो. २००४ मध्ये हे जनुक सापडलं, आणि लक्षात आलं की या माणसांच्या हालचालीच्या वाटा लंबमज्जेत ओलांडतच नाहीत. त्यांचा उजवा मेंदू उजवाच हात चालवतो. तरीही ही माणसं चालतात, लिहितात, जेवतात.

मग ओलांडायचंच कशाला?

रोबो३ मुळे हा प्रश्न टोकदार होतो. फुलीशिवाय काम भागतं, तर पाठीचा कणा असलेल्या जवळजवळ सगळ्या प्राण्यांत मेंदू आणि अंग उलटं का जोडलेलं आहे? कीटकांमध्ये असं सरसकट दिसत नाही.

पहिलं मोठं उत्तर काहालचंच, १८९८ मधलं. डोळ्याच्या भिंगामुळे प्रतिमा उलटी पडते. दोन बाजूंना डोळे असलेल्या प्राण्यात दोन्ही चित्रं मेंदूत जोडायची तर दृष्टीच्या नसांनी बाजू बदलायला हवी, नाहीतर चित्राच्या दोन अर्ध्या भागांच्या कडा जुळणार नाहीत. आणि दृश्य पलीकडे गेलं तर हात हलवणारी वाटही मागोमाग पलीकडे जावी. हे उत्तर देखणं आहे, पण सगळ्या फुल्यांना पुरत नाही.

दुसरी मांडणी शरीराच्या पिळाची आहे. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जोफ्र्वा सेंट-हिलेर यांनी १८२२ मध्ये लॉब्स्टर पाठीवर उलटा ठेवून दाखवला, की त्याची आतली रचना कणा असलेल्या प्राण्यासारखी दिसते. कीटकांत मुख्य चेतारज्जू पोटाकडे असतो, आपल्यात पाठीकडे. मार्सेल किन्सबोर्न यांनी २०१३ मध्ये मांडलं, की उत्क्रांतीत धड उलटं झालं आणि डोकं तसंच राहिलं, त्यामुळे मानेपाशी अर्धा पीळ पडला आणि वायर उलटसुलट झाल्या. डी लुसाने आणि ओसे यांनी त्याआधी, २०१२ मध्ये, याच्या जवळची पण वेगळ्या पिळाची कल्पना मांडली होती. तसं असेल तर फुलीला स्वतःचा काही फायदा असण्याची गरज नाही. दुसऱ्याच एका बदलाची ती उरलेली गाठ आहे.

तिसरी मांडणी गणितातून आली. २००८ मध्ये शिनब्रॉट आणि यंग यांनी दाखवलं, की त्रिमितीतला नकाशा दुसऱ्या नकाशाशी जोडताना तंतू ओलांडून नेले तर जोडणी चुकायची शक्यता कमी होते. आणखी काहींनी पळून जाण्याच्या प्रतिक्षेपाकडे बोट दाखवलं. माशांमध्ये मॉथनर नावाच्या दोन मोठ्या पेशी असतात. डावीकडून धोका आला की डावी पेशी चेतते, तिचा तंतू पलीकडे जाऊन उजव्या बाजूचे स्नायू आवळतो आणि मासा उजवीकडे वळून निसटतो. इथे ओलांडण्याचा फायदा उघड आहे. पण माशाच्या या फुलीपासून आपल्या पिरॅमिडपर्यंत सरळ वारसा सांगता येत नाही, कारण पिरॅमिडची वाट उत्क्रांतीत खूप उशिरा, सस्तन प्राण्यांत आली. डाव्या-उजव्या हाताचा संबंध जोडण्याचाही प्रयत्न झाला. याकोव्हलेव्ह आणि राकिच यांना १९६६ मध्ये बहुसंख्य अर्भकांत मेरुरज्जूच्या उजव्या बाजूला जास्त तंतू आढळले. पण १९७१ मध्ये केर्तेस आणि गेश्विंड यांनी तपासलं तेव्हा माणूस डावखुरा की उजवा याच्याशी फुलीच्या या रचनेचा मेळ बसला नाही.

या सगळ्यांत मला पटणारी गोष्ट अशी: कारण एकच असायला हवं, हा आपला हट्ट आहे. सुरुवात पिळातून झाली असेल किंवा माशाच्या पळण्यातून, पण पुढे प्रत्येक नवी वाट आधीच्या फुल्यांशी जुळवून घेत गेली. डावीकडचं जग उजव्या मेंदूत एकदा मांडलं गेलं, की त्या जगात हात घालणारी वाट त्याच मेंदूतून निघणं सोयीचं. रोबो३ ची माणसं दाखवतात, की सोय म्हणजे सक्ती नव्हे.

सरळ रेघेचं काम

फुलीची सगळ्यात व्यवहारी बाजू बरं होण्यात आहे. जन्मताना बाळाच्या प्रत्येक हाताला दोन्ही मेंदूंकडून तंतू येत असतात. पहिल्या दोनेक वर्षांत आपल्याच बाजूचे बरेच धागे मागे घेतले जातात आणि उलट बाजूचे जाड, वेगवान होतात. म्हणून अगदी लहान वयात एका मेंदूला इजा झाली तर शाबूत मेंदू आपल्या बाजूचे धागे सोडत नाही आणि दोन्ही हातांचा कारभार पाहू लागतो. असह्य फिट्समुळे ज्या मुलांचा मेंदूचा एक अर्धा भाग काढावा किंवा तोडावा लागतो, त्यांच्यातली अनेक पुढे चालतात, पळतातही. बोटांची नाजूक हालचाल मात्र फारशी परत येत नाही.

यामागचं कारण लॉरेन्स आणि कायपर्स यांच्या १९६८ मधल्या माकडांवरच्या प्रयोगांत दिसतं. दोन्ही पिरॅमिड कापले तरी माकडं काही आठवड्यांत चालू-चढू लागली. पण खळग्यातला खाऊचा तुकडा एका बोटाने टिपणं त्यांना पुन्हा कधी जमलं नाही. चालण्याला मेंदूच्या देठातल्या जुन्या वाटांचा आधार आहे. बोटांना पिरॅमिडशिवाय कोणी नाही. झटक्यानंतर पाय आधी सुधारतो आणि हात मागे राहतो, हे घरोघरी दिसतं. त्याचं मोठं कारण या वाटणीत आहे.

मोठ्या माणसात न ओलांडलेल्या त्या दहा-पंचवीस टक्क्यांचा उपयोग किती, यावर बरंच संशोधन झालं. बरं होताना शाबूत मेंदूही उजळलेला दिसतो, हे १९९१ पासूनच्या चाचण्यांत आढळलं आहे. तरी हात किती सुधारेल हे ठरतं मुख्यतः घाव बसलेल्या बाजूची वाट किती शिल्लक आहे यावर. पहिल्या काही दिवसांत चुंबकीय चाचणीने लुळ्या हातात थोडासा जरी प्रतिसाद उमटला, तरी पुढची आशा बरीच वाढते. फिजिओथेरपिस्ट लुळा हातच वापरायला लावतात, प्रसंगी चांगला हात बांधून ठेवायला सांगतात. शिल्लक धागा वापरात राहावा, हा त्यामागचा हिशेब. नुसतं तेल चोळून तो हिशेब पुरा होत नाही.

शांघायच्या सर्जननी तर नवीनच फुली काढली. अनेक वर्षं ताठरून गेलेल्या हाताच्या ३६ रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या १८ जणांच्या चांगल्या बाजूची मानेतली सातवी नस काढून मानेतूनच पलीकडे, लुळ्या हाताच्या नसेला जोडण्यात आली. चांगल्या हाताकडे जाणाऱ्या अनेक नसांपैकी ही एक. ती गेल्याने त्या हाताला सुरुवातीला बधिरपणा आणि अशक्तपणा येतो, पण तो ओसरत जातो. वर्षभरानंतर ६६ गुणांच्या हाताच्या मोजपट्टीवर शस्त्रक्रिया झालेल्यांची सुधारणा सरासरी १७.७ गुणांची होती, नुसत्या व्यायामावर असलेल्यांची २.६ गुणांची. शाबूत मेंदूचा हुकूम लंबमज्जेत एकदा ओलांडून आला होता. सर्जनने त्याला मानेत दुसऱ्यांदा ओलांडायला लावलं आणि तो आपल्याच बाजूच्या, आजवर परक्या असलेल्या हातात पोचला. लहान मेंदू जे जन्मापासून करतो, ते इथे सुरीने साधलं.

आता पुन्हा त्या कागदाकडे. पुतण्याला डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबरच होतं. रिपोर्ट त्यांच्याच पेशंटचा होता. फक्त त्या चित्रात फुलीच्या दोन जाड रेघांच्या शेजारी दोन बारीक, सरळ खाली जाणाऱ्या रेघाही काढायला हव्यात. पेशंटला झोपल्या जागी बसतं करताना, कुशीवर वळवताना, घास गिळवताना जे काही अजून शाबूत आहे, त्यात असल्या जोडीच्या वाटांचा मोठा वाटा आहे. आणि उद्या सकाळी फिजिओथेरपिस्ट येऊन त्या डाव्या हाताला पेला उचलायला सांगतील, तेव्हा ते फुलीच्या जाड रेघेत काही धागे उरलेत का, हेच चाचपत असतील.